काय ठरलं?

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिरजेहून दोन शब्द येतात, ‘काय ठरलं?’ मग एकेक जण बोलायला लागतं. नाशिककरीण नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला निघालेली असते, पुण्यातल्या दोघा-तिघांची कुठल्या तरी गडाची जुळवाजुळव चाललेली असते, कुणाकडे पाहुणे, कुणाच्या मुलाचा सोमवारी पेपर. मध्यंतरी एका शुक्रवारी लोहगडाचं घाटत होतं. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात लोहगड आला, आणि पुण्याच्या उशाशी असलेल्या या गडाची आम्हा सगळ्यांना एकदम नव्याने ओढ लागली होती. मी कणीक मळत होते, फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला होता, आणि मिरजकराचे प्रश्न एकामागून एक येत होते. कितीची लोकल धरताय? मळवलीला उतरून भाजे गावातून चढणार, की गाडी थेट लोहगडवाडीपर्यंत नेणार? भाज्याची लेणी जाताना बघणार की येताना? येताना दमून कंटाळा करता, जातानाच बघा. गायमुख खिंडीत पाऊस जोरात असला तर विसापूरचा मोह धरू नका. जेवायचं कुणाकडे सांगितलंय? दुपारी लोकलला मोठा खंड असतो, उतरायला वेळ झाला तर स्टेशनात ताटकळाल. तेवढ्यात आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याने, जो ग्रुपवर अलीकडेच आलाय, सरळ मनाने लिहिलं, ‘अरे, तू तर येणार नाहीस, मग तुला एवढा तपशील कशाला?’

वरती ‘टायपिंग’ दिसायचं, विझायचं, पुन्हा दिसायचं. कणकेने भरलेल्या हातांनी मी नुसती बघत राहिले.

मग उत्तर आलं. ‘मला वाचायचं असतं.’

त्यापुढे काही नाही. हसरा चेहरा नाही, पूर्णविरामानंतरची एखादी कोपरखळी नाही. दोन मिनिटांनी कुणी तरी रेनकोटचा विषय काढला आणि गाडी पुढे गेली. पण मला ते वाक्य सुटेना. रात्री जेवताना, दुसऱ्या दिवशी भिजत गड चढताना, गणेश दरवाजाच्या आधीच्या त्या ओल्या काळ्या पायऱ्यांवर पाय जपून टाकताना ते मनात येत राहिलं. त्यात तक्रार नव्हती, कीव मागणंही नव्हतं. तहान लागलेल्या माणसाने पाणी मागावं इतकं ते सरळ होतं.

मिरजकराची आई काही वर्षांपूर्वी अर्धांगाने अंथरुणाला खिळली. तेव्हापासून तो मिरजेच्या बाहेर मुक्कामाला गेलेला नाही. सकाळी आईचं सगळं आवरायचं, दिवसभराच्या बाई आल्या की सांगलीला ऑफिस, त्या जायच्या आत परत. रविवारी बाई येत नाहीत, म्हणजे आम्हाला जो दिवस मोकळा तो त्याला सगळ्यात बांधलेला. हे त्याने ग्रुपवर एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचा उच्चार केला नाही. शुक्रवारचा प्रश्न मात्र चुकवला नाही.

खरं तर शनिवार-रविवार आमच्यात सगळ्यांचा सारखा नसतोच. एक मित्र भोसरी एमआयडीसीत आहे, त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी विजेच्या हिशेबातून आली, आणि तिथल्या कित्येक घरांचं सगळं वेळापत्रक त्या गुरुवाराभोवती फिरत आलंय. हा गुरुवारी सकाळी एकटाच सिंहगड चढतो. त्याच्याकडून आम्हाला कळतं की गर्दी नसली की गडावर वारा कसा ऐकू येतो, झुणका-भाकरी करणाऱ्या मावशींना बोलायला सवड असते, आणि दह्याचं मडकं त्याच्यापुढे ठेवताना त्या त्याच्या मुलीचं कितवीचं वर्ष ते विचारतात. रविवारी रांगेत उभं राहून तेच दही खाणाऱ्या आम्हाला हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. एक जण म्युनिकला आहे. आमची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे त्याची टळटळीत दुपार. रविवारी तिकडे दुकानं बंद, म्हणून शनिवारी दूध-भाजी भरून ठेवायची आणि रविवारी रेल्वेने डोंगरांकडे जायचं, हा त्याचा शिरस्ता. पहिल्या वर्षी त्याला तो बंद, शांत रविवार खायला उठायचा. आता तो त्या शांततेबद्दल इतकं मन लावून लिहितो की, आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी ड्रिल मशीन सुरू झालं की मला त्याची आठवण येते.

आपल्याकडच्या रविवारच्या सुट्टीमागे नारायण मेघाजी लोखंडे उभे आहेत. मुंबईच्या गिरण्यांमधला कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होता तेव्हा जोतीराव फुल्यांच्या या सहकाऱ्याने १८८४पासून त्याच्या हक्काच्या सुट्टीसाठी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, अर्ज केले. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला मोकळा मिळाला पाहिजे, हा त्यांचा एक मुद्दा होता. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मागणी मान्य केली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. गिरणीच्या भोंग्यातून सुटलेल्या त्या पहिल्या रविवारी लोकांनी काय केलं असेल, कुणाकडे गेले असतील, आदल्या रात्री चाळीच्या गॅलरीत ‘उद्या काय?’ असं एकमेकांना विचारताना त्यांचा आवाज कसा लागला असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. सुट्टी मिळणं वेगळं आणि ती कुणाला तरी सांगावीशी वाटणं वेगळं. आपल्या मोकळ्या दिवसाचं काय करणार हे दुसऱ्याला सांगताना तो दिवस आपल्याही डोळ्यांपुढे पहिल्यांदा नीट उभा राहतो.

कॉलेजात असताना हे सगळं टिळक रस्त्यावरच्या एका अमृततुल्यात व्हायचं. पितळी पातेल्यात उकळणाऱ्या चहाचा, आल्या-वेलचीचा आणि कप धुण्याच्या पाण्याचा मिळून एक वास असायचा. तिथे मिरजकर आपली रेक्झिनच्या कव्हरची वही काढायचा. स्वारगेट आणि शिवाजीनगर स्टँडवरच्या फलकांवरून त्याने एसटीच्या वेळा उतरवून घेतलेल्या होत्या, मार्गावरच्या थांब्यांसकट. हरिश्चंद्रगडाला जायचं तर आळेफाटा, ओतूर, मग खुबी फाट्याला उतरायचं, तिथून धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर, खिरेश्वरात रात्री कुणाच्या ओसरीवर पथारी टाकायची, पहाटे टोलार खिंड. पेन्सिलीने केलेल्या त्या नोंदी तो मोठ्याने वाचायचा आणि आमच्यापैकी ज्याला पैशांमुळे किंवा घरच्या परवानगीमुळे येता यायचं नाही, तोही शेवटपर्यंत बसून ऐकायचा. मी स्वतः त्या काळात मुक्कामाच्या ट्रेकना जाऊ शकत नसे. वडिलांना मान्य नव्हतं. तरी टोलार खिंडीतलं वाघाचं शिल्प, वरच्या केदारेश्वराच्या गुहेतलं ते हाडं गोठवणारं पाणी आणि त्यातून शिवलिंगाला घातली जाणारी प्रदक्षिणा, हे मला तिथे जाण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. पुढे कधी तरी मी त्या पाण्यात उतरले तेव्हा दात वाजत असताना मला ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं. शिवाजीनगरचं जुनं स्टँड मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हललं तेव्हा मिरजकराने ग्रुपवर त्या वहीच्या पानाचा फोटो टाकला होता. पान पिवळं पडलंय, एका कोपऱ्यात चहाचा गोल डाग आहे. त्यातली एकही वेळ आता उपयोगाची नाही. तरी आम्ही सगळ्यांनी तो फोटो साठवून ठेवला.

या माणसाने बातमी कशी सांगावी हे आम्हाला शिकवलं, असं मी मनापासून म्हणते. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तिथे पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना वेगळं सांगायला नको. व्हॉट्सॲपवर तेव्हा नुसता हलकल्लोळ होता. कोयनेचं धरण असं, अलमट्टीचं तसं, अमक्या भागात मगरी शिरल्या, तमुक पूल वाहून गेला. त्या गदारोळात मिरजकराचे संदेश ठरावीक वेळांना यायचे. किती वाजता, आयर्विनला किती फूट, कोयनेतून विसर्ग किती, हे कुठून कळलं, आणि मिरजेत त्याने स्वतः काय पाहिलं. जे पाहिलं नाही त्याबद्दल अक्षर नाही. पाणी कृष्णा घाटाकडून कुठवर आलंय हे तो जाऊन बघून येऊन लिहायचा. आमच्यातल्या एकीचे सासू-सासरे सांगलीला गावभागात होते. घरातून बाहेर पडायचं की थांबायचं हे त्यांनी या संदेशांवरून ठरवलं आणि वेळेत बाहेर पडले. त्या आठवड्यात मी रात्री दोन-दोनदा उठून फोन बघत होते, आणि त्याचे ते कोरडे आकडे वाचून मला झोप लागायची.

त्याच्या आदल्या वर्षी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जे झालं ते आठवलं की अजून पोटात कालवतं. १ जुलै २०१८. आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश महिनाभर फोनोफोनी फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दिसायची सोय केली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे संदेश ढकलायला अटकाव केला. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एक नियम आहे, तो मिरजकरानेच घातला. ढकललेलं काही टाकायचं नाही. सांगायचं असेल तर आपल्या शब्दांत सांगायचं, आणि कुणाकडून कळलं ते सांगायचं. सुरुवातीला ग्रुप ओस पडला. सकाळची फुलं गेली, सुविचार गेले, सणांच्या शुभेच्छांच्या तसबिरी गेल्या. मग हळूहळू लोक लिहायला लागले.

आणि काय लिहायला लागले! २०२०च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. फोटो सगळीकडे फिरले, उल्केपासून शापापर्यंत सगळी कारणं फिरली. आमच्यातल्या एकीचं माहेर मेहकरजवळचं. जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या, ती स्वतः पुण्यात अडकलेली. तिने भावाला फोन केला, भावाने लोणारच्या मित्राला. मग तिने लिहिलं की, काठावर उभं राहिलं की रंग फोटोइतका भडक दिसत नाही, ऊन चढलं की जास्त जाणवतो, आणि वास नेहमीचाच, उग्र, खारट, नाकात बसणारा. पुढे पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. कारण निघालं खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे खारेपणा वाढला आणि त्यांची वाढ झपाट्याने झाली. प्रयोगशाळेत ते जीव तळाशी बसले की वरचं पाणी पुन्हा स्वच्छ दिसायचं. हे तिने आम्हाला दोन संध्याकाळी समजावून सांगितलं. पाऊस पडल्यावर रंग ओसरला, नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे जगभरात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तोवर तिच्या माहेरचं ते तळं आमच्या सगळ्यांचं झालं होतं.

त्याच वर्षी जुलैत निओवाईज धूमकेतू आला. आमच्याकडे आभाळ गच्च. रोज संध्याकाळी गच्चीवर जायचं, वायव्येकडे सप्तर्षींच्या खाली जिथे तो असायला हवा तिथला काळा ढग बघायचा आणि खाली यायचं. म्युनिककर मात्र रात्री अकराच्या सुमाराला सायकल काढून गावाबाहेरच्या शेतांत जायचा. तिकडे जुलैत अंधारच तेवढ्या उशिरा पडतो. आमच्या पहाटे त्याचे संदेश वाट बघत असायचे. ‘आधी नजर सरळ ठेवली तर दिसत नाही. जरा बाजूला बघायचं, मग डोळ्याच्या कडेला शेपूट उमटतं. वर पसरत जाणारं, फिकट. शेजारच्या शेतात गवत कापलंय, त्याचा वास येतोय. एक म्हातारा-म्हातारी खुर्च्या घेऊन आलेत, त्यांनी मला दुर्बीण दिली.’ हा धूमकेतू पुन्हा यायला सहा हजार आठशे वर्षांच्या आसपास लागणार. मी तो पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. तरी कुणी विचारलं तर तो कसा दिसत होता हे मी सांगू शकते, कापलेल्या गवतासकट. त्या वर्षी डिसेंबरच्या २१ तारखेला गुरू आणि शनी एकमेकांना जवळजवळ टेकले, १६२३नंतर इतके जवळ ते आले नव्हते. तेव्हा आभाळ सगळ्यांचं मोकळं होतं. नाशिककरीण गच्चीवरून दुर्बिणीतून गुरूचे चंद्र मोजत होती, मी पुण्यात पाण्याच्या टाकीला टेकून उभी होते, आणि मिरजकराने आईचा पलंग नैऋत्येच्या खिडकीशी सरकवला होता. हे त्याने फार नंतर, दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात सांगितलं.

हे सगळं गोडच असतं असं नाही. आपण घरी अडकलेले असताना दुसऱ्याचे बेत वाचणं कधी कधी जड जातं. शनिवारची दुपार असते, मिक्सरमध्ये डोशाचं वाटण फिरत असतं, दोऱ्यांवर कपडे दमट, मुलाची चिडचिड, आणि फोनवर कोकणकड्याचा फोटो येतो. ढग खाली, माणसं वर, सगळे हसतायत. मी फोन पालथा घालून ठेवते. माझ्याही मनात असूया येते आणि ती येऊ नये असं वाटूनही येते. पण त्याच्याच पाठोपाठ कुणी लिहिलं की पाचनईतून चढताना मंगळगंगेचं पाणी पोटरीपर्यंत होतं, दगड शेवाळलेले, एका मेंढपाळाच्या मुलाने हात धरून तिघांना पार केलं आणि बदल्यात फक्त बिस्किटचा पुडा मागितला, तर मी तो फोन पुन्हा उचलते. फोटोत मला जागा नसते, तिथे आधीच सगळे उभे असतात. शब्दांत मी ते पाणी ओलांडू शकते. माझा पाय कुठे घसरेल, त्या मुलाचा हात कसा लागेल, हे माझं मला ठरवता येतं. ‘मला वाचायचं असतं’ याचा अर्थ माझ्यापुरता मला असा एका शनिवारी, ओट्याशी उभं असताना लागला.

तपशिलाचं दुसरंही एक कारण आहे आणि ते जिवाशी आहे. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब अडकलं आणि पाच जणं वाहून गेली. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार. राईनपाड्याचाही तो दिवस रविवारच होता. भुशीची ती चित्रफीत मी एकदाच पाहिली आणि पुढे कित्येक दिवस डोळे मिटले की ती घट्ट धरून उभी असलेली माणसं दिसायची. वरती डोंगरात पडलेला पाऊस खाली पाण्यात किती पटकन उतरतो हे सह्याद्रीत हिंडणाऱ्याला कुणी तरी सांगितलेलं असावं लागतं. मिरजकर ते सांगतो. कुठल्या गावातून चढणार, गावात कुणाला सांगून जाणार, किती वाजता परत खाली येणार, हे लिहिल्याशिवाय तो आमच्या बेताला बेत म्हणत नाही. परतल्यावर ‘उतरलो’ एवढा एक शब्द टाकायचा, तो आला नाही तर त्याचा फोन येतो. नव्याने आलेल्या त्या मित्राला हे ठाऊक नव्हतं. त्या शनिवारी लोहगडावरून उतरताना पावसात माझा फोन बंद पडला होता. मळवली स्टेशनवर त्याच मित्राच्या खिशात फोन वाजला. पलीकडे मिरज.

मला सगळ्यात जास्त आनंद देऊन गेलेली अलीकडची बातमीही त्यानेच सांगितली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१मध्ये प्राणिशास्त्रज्ञांनी एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पराला धातूची पट्टी लावली होती, क्रमांक ०३२३३. ती कासवीण २७ जानेवारी २०२५च्या रात्री गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून सगळा दक्षिण टोकाचा वळसा घालून अरबी समुद्रात! साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या या कासवांचा एकमेकांशी संबंध नसावा असा जो समज होता त्याला या एका पट्टीने धक्का दिला. तिच्या अंड्यांतून शंभराहून जास्त पिल्लं समुद्रात गेली. मिरजकराने हे लिहिलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि त्याच्या वाक्यांना दम लागलेला होता. ‘विचार करा, रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर एक माणूस कासवाच्या पराजवळ बॅटरी धरून वाकलाय, आकडा वाचतोय, आणि तो आकडा आपल्याकडचा नाहीच.’ मी तो माणूस बघितला. ओली वाळू, पराला चिकटलेली रेती अंगठ्याने पुसून पुन्हा वाचणारा. त्या रात्री ग्रुपवर एक वाजेपर्यंत कुणी झोपलं नाही. नाशिककरणीने विचारलं, ती आता कुठे असेल? कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी अर्धा तास आम्ही त्यावर बोललो.

त्यातूनच वेळासचं निघालं. मंडणगड तालुक्यातलं हे गाव कासवांसाठी प्रसिद्ध आहेच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून २००२च्या सुमाराला अंडी राखायला सुरुवात केली, २००६पासून महोत्सव भरतो, आणि लोक गावातल्या घरांतच उतरतात. अंडी फुटायला पंचेचाळीस ते साठ दिवस, पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, निघतील त्याच दिवशी. निघाली नाहीत तर समुद्र बघून परत. म्युनिककर डिसेंबरात सुट्टीवर येतो, त्याला तेव्हाच जायचंय. मिरजकराने त्याला स्पष्ट सांगितलं, डिसेंबरात फार तर अंडी घालणं सुरू होतं, पिल्लं बघायची तर फेब्रुवारी सरल्यावर ये, मार्च उत्तम. म्युनिककर म्हणतो मार्चमध्ये रजा नाही. भोसरीवाल्याच्या मुलीची मार्चमध्ये दहावीची परीक्षा, तो एप्रिलवर अडून बसलाय. नाशिककरणीला एप्रिलचा कोकणातला उकाडा सोसत नाही. शुक्रवार उलटून गेला, रविवार झाला, तरी वाद चालूच.

काल रात्री मिरजकराने सगळा बेत लिहून टाकला. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड. नाशिककरणीला वेगळा रस्ता. जेवणात मासे नसतात, उकडीचे मोदक आगाऊ सांगावे लागतात, किनारा गावापासून चालत, बॅटरीचा झोत पिल्लांवर टाकायचा नाही. आणि सगळ्यांत शेवटी आणखी एक ओळ होती. मिरज, कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड, मंडणगड. त्याची बहीण बेळगावला असते. ती येऊन राहणार आहे का, किती दिवस, आई तिच्याकडून जेवते का, हे मला आज त्याला फोन करून विचारायचंय. भोसरीवाल्याचा सकाळीच निरोप आलाय की परीक्षेचं वेळापत्रक लागलं की तो मार्चचा शेवटचा आठवडा जमवून बघेल, फक्त गुरुवार धरून. नाशिककरणीने त्याला विचारलंय, कासवांना गुरुवारची सुट्टी कोण देणार? म्युनिककर अजून डिसेंबरच म्हणतोय.